केलंय ना? मग निस्तर!

आजचं वाचन : महाभारत, शांतिपर्व – शंख आणि लिखित यांची कथा



आजची कथा शांतिपर्वातली आहे. पण तिच्याकडे जाण्याआधी एक इंग्रजी वाक्प्रचार समजून घेऊ. गेल्या महिन्यात तो आठवडाभर माझ्या डोक्यात वाजत होता आणि त्याच्यामुळेच मी ही कथा पुन्हा उघडली.

झालं असं. मी हिंजवडीत एका कंपनीत काम करतो. एका रात्री घरून काम करताना, झोपेत असल्यासारखा, मी एक स्क्रिप्ट चुकीच्या सर्व्हरवर चालवली. क्लायंटच्या तीन दिवसांच्या नोंदी उडाल्या. बॅकअप होता म्हणून सगळं परत मिळालं, पण त्यात अकरा तास गेले. आमच्या टीममध्ये एकच लॉगिन तिघे-चौघे वापरतात (वापरू नये, पण वापरतात). त्या रात्री ड्युटीवर होता आठ महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा. सगळ्यांनी गृहीत धरलं की हे त्याचंच काम.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर अगदी शांत आवाजात इंग्रजीत म्हणाले, कोणाला तरी 'फेस द म्युझिक' करावं लागेल. त्या मुलाचा कॅमेरा चालू होता. तो काहीच बोलला नाही. त्याला स्वतःलाच खात्री नसावी की चूक आपली की नाही.

मी म्यूटवर होतो. म्यूटवरच राहिलो.

पुढचं शेवटी सांगतो. आधी शब्द.

शब्द काय सांगतो?

'फेस द म्युझिक' म्हणजे आपण जे केलं त्याचा परिणाम, बोलणी किंवा शिक्षा, तोंड न लपवता समोर जाऊन घेणं. हा वाक्प्रचार १८३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या छापील मजकुरात दिसतो. त्याच्या उगमाबद्दल दोन गोष्टी प्रामुख्याने सांगतात. पहिली रंगमंचाची : वादक प्रेक्षक आणि रंगमंच यांच्या मध्ये, खाली बसायचे. पाय लटपटत असले तरी नटाला त्या वादकांकडे तोंड करून उभं राहावंच लागायचं. दुसरी सैन्याची : गुन्हा केलेल्या शिपायाला ढोल वाजवत पलटणीतून हाकलून देत. यातली खरी कोणती, यावर जाणकारांचं एकमत नाही.

आपल्याकडेही अशा वेळी वाद्यच वाजतं, फक्त 'बँड वाजतो'! पण फरक बघा. बँड आपला वाजतो, म्हणजे ते आपल्यावर येऊन आदळतं. 'फेस' करताना मात्र मान मी स्वतः वळवतो. सगळा अर्थ त्या मान वळवण्यात आहे.

याची भावंडंही आहेत, आणि आपण ती बऱ्याचदा एकमेकांत मिसळतो :

• 'टेक युवर मेडिसिन' – कडू औषध गपचूप घे. चूक तुझी आहे, कुरकुर नको.
• 'किस द रॉड' – जुना वाक्प्रचार. शेक्सपिअरच्या नाटकांतही येतो. मार खाल्ल्यावर मुलाला त्याच छडीचं चुंबन घ्यायला लावत, त्यावरून आला. शिक्षा निमूटपणे, नम्रपणे स्वीकारणं.
• 'टेक द रॅप' – दोष अंगावर घेणं. बहुतेक वेळा दुसऱ्याचा.
• 'बाइट द बुलेट' – दात-ओठ आवळून अटळ त्रास सहन करणं. इथे चूक कोणाची असायची गरज नाही.

म्हणून घरी कोणी आजारी पडलं, नोकरी कपातीत गेली, की 'फेस द म्युझिक' म्हणू नये. ते संकट आहे, शिक्षा नाही. हा शब्द फक्त तिथे, जिथे आधी आपल्या हातून काहीतरी घडलेलं आहे.

आजीचा शब्द

याला मराठी शब्द काय, हे शोधताना मला आजी आठवली. मी दुसरी-तिसरीत असताना क्रिकेटचा बॉल मारून शेजारच्या काकूंच्या तुळशीची कुंडी फोडली होती. आजीने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "केलंयस ना? मग निस्तर!" मी म्हटलं, "तू चल ना माझ्याबरोबर." ती म्हणाली, "मी दारात उभी आहे. जा तू."

निस्तरणे! आपण हा शब्द भांडणात फेकतो : "तुझं तू निस्तर," "याने घोळ घालायचा आणि मी निस्तरायचं." पण शब्दाच्या आत बघा. याचं मूळ संस्कृतातल्या 'तॄ' या धातूत आहे, म्हणजे तरून जाणं, पार होणं. तरणे, तारणे, तीर्थ, अवतार ही सगळी त्याच कुळातली मंडळी. म्हणजे निस्तरणं हे नुसतं मार खाणं नाही. निस्तरणं म्हणजे केलेल्या गोष्टीतून पार होऊन पलीकडच्या काठाला लागणं.

आणखी एक गंमत. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. शाळेत आपण यावर विनोद केलेत. संस्कृतात हा शब्द शिकण्याचाच, सहा वेदांगांपैकी एकाचं नावच 'शिक्षा' आहे. आपल्या भाषेने शिकणं आणि दंड एकाच शब्दात बांधून ठेवलंय. आता ही गाठ डोळ्यासमोर ठेवून कथेकडे जाऊ.

शंख आणि लिखित

युद्ध संपलंय. युधिष्ठिर खचलाय, राज्य नको म्हणतोय. तेव्हा व्यास त्याला ही कथा सांगतात.

शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, दोघेही तपस्वी. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम, फळाफुलांनी भरलेले. एकदा लिखित थोरल्या भावाकडे गेला. शंख बाहेर गेला होता. झाडावर पिकलेली फळं होती. लिखिताने तोडली आणि खात बसला. भावाचंच तर झाड!

शंख आला. विचारलं, ही फळं कुठून आणलीस? लिखित हसत म्हणाला, इथलीच तर आहेत. शंख म्हणाला, न विचारता घेतलीस म्हणजे ही चोरी झाली. राजाकडे जा, काय केलंस ते सांग आणि चोराची शिक्षा मागून घे.

आपल्याला हा भाऊ अति वाटतो ना? दोन फळांसाठी? मलाही वाटलं होतं. पण लिखित वाद घालत नाही. सरळ सुद्युम्न राजाकडे जातो. राजा प्रधानांसह सामोरा येतो आणि म्हणतो, सांगा, काय करू? लिखित आधी राजाकडून वचन घेतो आणि मग म्हणतो, मी न विचारता भावाची फळं खाल्ली, मला दंड कर. राजा अवघडतो. म्हणतो, दंड द्यायचा अधिकार माझा असेल तर माफ करायचाही माझाच आहे. तुम्ही व्रतस्थ आहात, तुम्हाला मी मोकळं केलं. दुसरं काहीही मागा.

मंडळी, इथे थांबा. माफी समोर आली आहे, खुद्द राजाच्या तोंडून. आपण असतो तर 'थँक्यू सर' म्हणून निघालो असतो. लिखित म्हणतो, दुसरं काही नको, दंडच हवा.

राजा त्याचे दोन्ही हात तोडतो. लिखित तसाच भावाकडे परत येतो आणि त्याची क्षमा मागतो. शंख म्हणतो, मी तुझ्यावर रागावलेलोच नाही. धर्माचं उल्लंघन झालं होतं, त्याचं प्रायश्चित्त तू घेतलंस. आता नदीवर जा, देव, ऋषी आणि पितरांना तर्पण कर, आणि पुन्हा अधर्माकडे मन जाऊ देऊ नकोस. लिखित नदीत उतरतो, तर्पणासाठी पाण्यात वळतो, आणि त्याला कमळासारखे हात परत फुटतात.

तो धावत येऊन विचारतो, तुझ्या तपात एवढं बळ होतं, तर तू मला आधीच का शुद्ध केलं नाहीस? शंखाचं उत्तर आज मनात ठेवण्यासारखं आहे : तुला दंड देण्याचा अधिकार माझा नव्हता, राजाचा होता. तो दंड देऊन राजाही शुद्ध झाला आणि तूही झालास.

मला या कथेत तीन गोष्टी दिसतात.

एक, लिखित हसत होता. त्याला चूक चूक वाटतच नव्हती. आपल्या बहुतेक चुका अशाच असतात. 'आपलंच तर आहे' म्हणून केलेल्या.

दोन, तो पकडला गेला नव्हता. राजाला काहीच माहीत नव्हतं. तो स्वतः चालत गेला.

तीन, हात परत मिळाले ते नदीत. राजाकडे जायच्या आधी नाही आणि राजाला टाळून तर नाहीच. नदी आधीपासून दाराशीच वाहत होती. पण तिच्यापर्यंतचा रस्ता राजाच्या सभेतून जात होता. आजीच्या शब्दात सांगायचं, तर त्याने निस्तरलं, आणि मग तो तरला.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात. त्या यादीत हिमालय आहे, गंगा आहे, पिंपळ आहे. आणि दमन करणाऱ्यांच्या हातातला दंडही मीच, असंही तिथे आहे. गंगा आणि दंड एकाच यादीत! लिखिताच्या कथेतही तेच दोघं आहेत, आधी दंड आणि मग नदी.

शनिवारवाड्याची गोष्ट

आता हीच गोष्ट उलटी बघू. त्यासाठी लांब जायला नको. शनिवारवाड्यासमोरून तुम्ही रोज जात असाल.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. याच वाड्यात गारद्यांनी कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांना मारलं. 'ध'चा 'मा' कोणी केला ही दंतकथा आपल्याला पाठ असते. पण त्याच्या पुढचं दृश्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि चुलते रघुनाथराव यांना दोषी धरलं. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारलं तेव्हा शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि पुणं सोडून ते निघून गेले. प्रभात कंपनीचा १९४४ चा 'रामशास्त्री' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

रघुनाथरावांनी ते प्रायश्चित्त घेतलं नाही. पुढे काय झालं? कारभारी त्यांच्या विरोधात एक झाले. १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर मुलगा झाला, सवाई माधवराव. मग रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. त्यातून पेटलेलं पहिलं इंग्रज–मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबलं. पुढच्याच वर्षी रघुनाथराव कोपरगावी वारले.

एका माणसाने जे निस्तरलं नाही, ते वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी निस्तरलं. सैनिकांनी, रयतेने, एका तान्ह्या मुलाने. आपण शिक्षा चुकवली म्हणजे ती संपत नाही. ती कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडते. हे वाचताना मला वाड्याचा दरवाजा दिसत नव्हता. मला त्या मुलाचा चालू असलेला कॅमेरा दिसत होता.

मग प्रत्येक शिक्षा मुकाट घ्यायची?

नाही. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे 'सहन कर' हा उपदेश फार स्वस्त आहे.

महाभारतातच आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटलेला माल त्यांच्या आश्रमात सापडला. ऋषी मौनात होते, बोलले नाहीत, राजाने त्यांना सुळावर चढवलं. पुढे त्यांनी थेट धर्माला जाब विचारला, माझ्या वाट्याला हे का? धर्म म्हणाला, लहानपणी तू कीटकांना टोचलं होतंस. ऋषींनी ते मान्य केलं नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा? चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही, अशी मर्यादाच त्यांनी घालून दिली. आणि धर्मालाच शाप दिला, त्यामुळे तो विदुर म्हणून जन्मला. म्हणजे शिक्षा देणाराही तपासला जातो, हे आपल्याच ग्रंथांत आहे. घरात कोणी मारत असेल, वरिष्ठ रोज अपमान करत असतील, तर तिथे 'किस द रॉड' करू नका. तिथे बोला, मदत मागा.

आणि तिसरी एक वाट आहे, तीही पुण्याचीच. शनिवारवाड्यापासून नारायण पेठेतला केसरीवाडा चालत दहा-पंधरा मिनिटांवर. 'केसरी'तल्या लेखांबद्दल २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरीने दोषी म्हटलं तरी मी निर्दोष आहे, असं त्यांनी तिथेच सांगितलं. म्हणजे त्यांनी दोष नाकारला, पण शिक्षेपासून पळ काढला नाही. मंडालेच्या तुरुंगात असतानाच, १९१२ मध्ये, इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. त्याच तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. १९१४ मध्ये ते सुटून आले आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. शिक्षा भोगणं आणि गुन्हा कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच : चूक खरंच माझी आहे का? नसेल तर टिळकांची वाट. असेल, तर लिखिताची.

माझी होती.

मग मी काय केलं?

दोन दिवस काहीच नाही. दोन दिवस मी देवासमोर बसून क्षमा मागितली. रोजचा पाठही चुकवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी वाचनात शंख-लिखित आले. शंखाचं वाक्य वाचलं आणि लख्ख कळलं की मी देवाकडे माफी मागतोय, कारण देव मॅनेजरला सांगणार नाही याची मला खात्री आहे! मला राजाकडे न जाता थेट नदीत उतरायचं होतं.

बुधवारी मॅनेजरांना वेळ मागितली आणि सांगितलं. आवाज कापत होता. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कळवलंस ते बरं केलंस. पण सोमवारी का नाही बोललास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीबद्दल ते फारसं बोलले नाहीत, दोन दिवसांच्या गप्प राहण्याबद्दल बोलले. यंदाची माझी बढती थांबली आहे. घराचा हप्ता डोळ्यासमोर आहे, त्यामुळे 'मला काहीच वाटलं नाही' असं म्हणणार नाही. वाटलं. अजून वाटतं.

मग त्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे दादा. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "सोमवारी रात्री मी घरी आईला फोन करून सांगितलं होतं की नोकरी बहुतेक जाणार." आणि चहा न घेता उठून गेला. आता तो कामापुरतं बोलतो. त्याचा तो हक्क आहे. माझे हात अजून परत फुटलेले नाहीत. पण त्या रात्री हात जोडले तेव्हा ते माझे वाटले, हे मात्र खरं.

आजसाठी

आज झोपण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. मी हसत हसत, 'आपलंच तर आहे' म्हणून, काय न विचारता घेतलं आहे? पैसे, वेळ, श्रेय, कोणाचा विश्वास?
२. माझ्या चुकीचा भार आत्ता कोण वाहतंय?
३. माझा 'राजा' कोण? म्हणजे मी ज्याच्याकडे जाऊन सांगायला हवं तो माणूस. देवाला सांगून झालं असेल, तर आता त्याला सांगायची वेळ आहे.

उत्तर सापडलं तर उद्यावर टाकू नका. दोन दिवसांची किंमत काय असते, ते मी वर लिहिलंय.

आणि भीती वाटली तर माझी आजी आठवा. ती बरोबर आली नाही, पण आतही गेली नाही. मी काकूंकडे जाऊन, बोलणी खाऊन, रडत परत येईपर्यंत ती दारातच उभी होती. देवही तसाच उभा असतो, असं मला वाटतं.

प्रार्थना : पांडुरंगा, माझी चूक मला दाखव. ती सांगायला पाय दे. जे वाट्याला येईल ते घ्यायला पदर दे. आणि माझं निस्तरायचं ओझं दुसऱ्या कोणावर पडू देऊ नकोस.

रामकृष्ण हरी. उद्या भेटू, पुढच्या वाचनासह.